‘लाड’ वाचणारी अठरा घरं

आमच्या मुलुंडात शरद ऋतू कधी आलाच नाही. आला तो ऑक्टोबर. पाऊस सामान आवरून गेलेला, थंडीचा पत्ता नाही, पूर्वेकडे मिठागरं डोळे दिपवत पसरलेली, पश्चिमेकडे डोंगर धुरकट झालेले, आणि मधल्या इमारतींमध्ये हवा नुसती साचून राहिलेली. दुपारी तीनला गादीवर हात ठेवला तर गादीलाच ताप आलाय असं वाटायचं. अजूनही वाटतं. परवा शेजारच्या घरात चकलीची भाजणी भाजायला घेतली. तो खमंग वास खिडकीतून आत आला आणि माझे तळहात घामेजले. त्या वासानं लोकांना दिवाळी आठवते. मला आमच्या जुन्या इमारतीचा जिना आठवतो, आणि तो जिना रोज संध्याकाळी सहा वाजता छातीशी एक अंक धरून चढणारी एकोणीस वर्षांची मी.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आमच्या सोसायटीत अठरा घरं. तळमजल्यावर सहा, पहिल्यावर सहा, दुसऱ्यावर सहा. दरवर्षी दसऱ्याला आम्ही हस्तलिखित अंक काढायचो. जाड कार्ट्रिज पेपर, टाकाची निब, काळी शाई, स्टेशनजवळच्या बाइंडरकडून करून घेतलेली शिवण. प्रत एकच. मग ती एकेका घरी एक दिवस राहायची, आणि दिवाळीच्या आत अठरा घरं फिरून यायची. शेवटी चार कोरी पानं असत, अभिप्रायासाठी. घर क्रमांक, दोन ओळी, सही. अक्षर बरं म्हणून त्या वर्षी संपादक मी. अंक पोचवायचं आणि आणायचं कामही माझंच.

त्या अंकात माझ्या वहिनीची चार पानांची चित्रकथा होती. तिचं नाव ‘लाड’.

वहिनी म्हणजे शैला. भांडुपच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका. माहेर घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतलं, बौद्ध कुटुंबातलं. दादाची आणि तिची ओळख कुठल्याशा संध्याकाळच्या वर्गात झाली आणि दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आईनं विरोध केला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, “आम्ही जातपात मानत नाही हो. मुलगी गुणी आहे, बास.” नातेवाइकांत मात्र वहिनीच्या माहेरचं आडनाव तिनं कधी उच्चारलं नाही. इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

आणि आई तिचे लाड करायची. खरंच करायची. वहिनी शाळेतून आली की आई म्हणे, “दमलीस गं, बस तू.” भाजी चिरायला हात पुढे केला की, “राहू दे, साडीला डाग पडेल.” पाणी भरायला उठली की, “तुझे चित्रं काढायचे हात ते, दुखतील.” पोळ्या लाटू का विचारलं की, “माझं झालंच बघ.” लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि वहिनीनं आमच्या स्वयंपाकघरात एकदाही काडी पेटवली नव्हती. पाण्याच्या पिंपात तिचा हात एकदाही बुडला नव्हता. तांब्या भरून बाहेर ठेवलेला असे, तिच्यासाठी, प्रेमानं. शेजारणी म्हणत, शैला नशीबवान. दादाही तेच म्हणे.

मला कळत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आईनं ‘दमलीस गं’ म्हणायच्या आधी तिचा उजवा हात दाराच्या चौकटीकडे जायचा. ते मी पाहत होते. आणि मी पुस्तक वाचत होते. सहामाही परीक्षा जवळ आलेली असायची. ती नेहमीच जवळ आलेली असते.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी वहिनीनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार पानं माझ्या हातात दिली. “घेणार असशील तर जशीच्या तशी घे,” म्हणाली. पानावर चार, अशा सोळा चौकटी. प्रत्येक चौकटीत एक सून, एक सासू, आणि सासूच्या तोंडी एक नवं कारण. हात दुखतील, साडी खराब होईल, ऊन लागेल, माझं झालंच. जात नाही, गाव नाही, कुणाचं नाव नाही. शेवटच्या चौकटीत सासू तापानं फणफणलेली, अंगावर दोन पांघरुणं, सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, आणि सासू कॉटवरून पाय खाली टाकत म्हणतेय, “तू बस गं, मी उठते.”

हे त्याच जुलैत आमच्याकडे झालं होतं. आईला मलेरिया झाला होता, आणि ती तशीच उठून भात टाकायला गेली होती.

मी पानं खाली ठेवली आणि म्हणाले, “झकास आहे वहिनी! लोक जाम हसतील.” वहिनीनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, “बघू.”

पहिले सात दिवस लोक खरंच हसले. रोज संध्याकाळी अंक हातात आला की जिन्यात उभ्या उभ्या मी शेवटची पानं उघडायची. वाचून झालं की अंक पुन्हा छातीशी धरायची. घर क्रमांक एक : “चित्रे बोलकी. सासू-सुनेचे प्रेम पाहून डोळे भरून आले.” दोन नंबरचे सावंतकाका, गिरणी बंद पडल्यापासून घरीच असत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत, त्यांनी लिहिलं, “छान. विनोदी.” पाच नंबरच्या कुलकर्ण्यांच्या सुनेनं लिहिलं, “असं सासर सगळ्यांना मिळो.” तिच्या वाक्याखाली सहा नंबरवालीनं “अगदी खरं!” म्हणून रेघ ओढली होती. शेवटच्या चौकटीबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, “केवढी ही माया!”

मी हे घरी जाऊन वहिनीला वाचून दाखवायची. ती वह्या तपासता तपासता ऐकायची. पाच नंबरचं ऐकल्यावर तिनं तांबडी पेन्सिल खाली ठेवली. “सगळ्यांना मिळो,” ती हळूच म्हणाली. “अगं बाई.” आणि पुन्हा वह्या.

आई आतून विचारायची, “काय म्हणतायत गं लोक?” मी म्हणायची, “आवडतंय.” आई खूश. सुनेचं कौतुक होतंय म्हणून ती तेव्हा खरंच खूश होती, यात खोटं काही नाही. आपल्या घरी अंक येण्याची ती वाट पाहत होती. आमचं घर बारावं.

आठव्या दिवशी अंक कर्णिक मावशींकडे गेला. पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या, टेलिफोन खात्यात नोकरी, बोलणं मोजकं. नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, अंक दिला, आणि दार लगेच लावलं नाही. मी पान उघडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं : “ही गोष्ट मी तीनदा पाहिली. वर ज्यांनी लिहिले आहे त्यांनीही पुन्हा पाहावी. सोळांपैकी चौदा चौकटींत सासूचा हात सून आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आडवा आहे. सून एकाही चौकटीत दाराच्या आत नाही. हे लाड नव्हेत. कोपऱ्यात पुस्तक वाचणारी एक मुलगी आहे. तिला हे कळले आहे, कारण दहाव्या चौकटीत तिच्या हातातले पुस्तक उलटे आहे. — सुमन कर्णिक.”

मी तिथेच दहावी चौकट काढली. कोपऱ्यात दोन वेण्यांची मुलगी. पुस्तक उलटं. मी कितीदा ती पानं हाताळली होती, शिवणीसाठी दाबली होती, पण मला ते दिसलं नव्हतं.

“तूच ना ही?” मावशींनी विचारलं.

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नसेल. मावशी म्हणाल्या, “रागावले नाहीये मी. पण दिसलं ते लिहायला नको?” आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी आयुष्यभर विसरलेली नाही. बातमी जिन्यानं फिरली. आधी वाचलेल्यांना अंक पुन्हा हवा झाला. एक नंबरच्या काकूंनी मला थांबवून सोळाच्या सोळा चौकटी बोट फिरवत पाहिल्या आणि अंक मिटून परत दिला. कुलकर्ण्यांच्या सुनेनं आपल्या ओळीवर शाईची आडवी रेघ मारली. सावंतकाका फाटकाशी खुर्ची टाकून बसत, तिथे मला हाक मारून म्हणाले, “माका पयल्याच खेपेक कळलेला गो चेडवा. लिवूक धीर झालो नाय.” त्यांनी मान वर केलीच नाही.

गच्चीवर चिवड्याचे पोहे वाळत घालायला आई गेली तर बायकांचं बोलणं थांबलं. आई खाली आली. चेहऱ्यावर ऊन होतं. “काय लिहिलंय गं त्यात?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

“मीना.”

“अगं काही नाही, गोष्ट आहे. येईलच ना आपल्याकडे.”

त्या संध्याकाळी गॅलरीत दादा आणि वहिनी. दार लोटलेलं होतं, पण आमच्या घरात दार लोटण्याला फारसा अर्थ नव्हता.

“तू आईला चव्हाट्यावर उभं केलंस,” दादा म्हणाला.

“नाव कुठे घातलंय मी?”

“नाव घालायची गरज आहे का? सगळी बिल्डिंग बोलतेय यार! मला सांगायचंस आधी.”

“दोन वर्षं सांगतेय, सुरेश. तू काय म्हणायचास? आई लाड करते तुझे. तेच नाव दिलं मी गोष्टीला.”

दादा कठड्यावरून खाली बघू लागला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगाचच वाजवत राहिलं. मी आत अर्थशास्त्राचं पुस्तक धरून बसले होते. सरळ आहे ना, ते मी दोनदा पाहिलं.

दहाव्या दिवशी देवधरकाकांनी जिन्यात गाठलं. सोसायटीचे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर तेरा नंबर, म्हणजे आमच्यानंतर त्यांचाच क्रमांक. आवाज मुद्दाम खाली आणून म्हणाले, “हे बघ, मी ते वाचलेलं नाही, मला वाचायचंही नाही. पण सोसायटीत असले विषय नकोत. आमच्याकडे यायच्या आत ती चार पानं काढून टाक. ब्लेडनं काप नीट. कळणारही नाही.”

“पण काका...”

“तुझ्या आईचा तरी विचार कर.”

बाकी कशानं नाही, पण या वाक्यानं मी हलले. हलले म्हणजे मला सोयीचं कारण मिळालं. आईनं ते वाचू नये असं मला वाटत होतंच. आईला दुःख होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे दहाव्या चौकटीतली ती मुलगी आईनं पाहिली की ती मला काय विचारेल, त्याची मला भीती होती.

तेराव्या दिवशीची दुपार. अंक आदल्या संध्याकाळी घरी आला होता आणि मी तो गादीखाली सरकवला होता. आईला म्हटलं होतं, अकरा नंबरवाल्यांनी अजून दिला नाही. दादा कामावर, वहिनी शाळेत, बाबा ऑफिसात. आई आत लवंडली होती. मी जमिनीवर बसून स्टीलची पट्टी शिवणीला लावली आणि ब्लेड टेकवलं. घामानं पट्टी सरकत होती. एक इंच कापलं असेल. कार्ट्रिज पेपर कापताना जो कोरडा करकर आवाज येतो, तेवढाच घरात होता.

“काय कापतेयस?”

आई दारात उभी होती. मी हात मागे घेतला नाही, घेता आलाच नाही. ती आली, वाकली, माझ्या हातातलं ब्लेड आधी काढून घेतलं आणि खिडकीत ठेवलं. मग अंक उचलला. चष्मा लावला आणि कपाटाला पाठ टेकून जमिनीवरच बसली.

तिनं ‘लाड’ सावकाश वाचली. तिसऱ्या पानावर एकदा हात चेहऱ्याकडे नेला, मग खाली ठेवला. शेवटच्या चौकटीवर थांबली, बराच वेळ. कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. मग ती मागच्या पानांकडे वळली आणि अकराच्या अकरा अभिप्राय वाचले. कुलकर्ण्यांच्या सुनेची खोडलेली ओळ उजेडाकडे धरून वाचली. “बिचारी,” असं पुटपुटली. आणि शेवटी म्हणाली, “दहावं चित्र कुठलं?”

मी दाखवलं.

“उलटंच आहे,” आई म्हणाली. “तुला कळत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

मी स्टीलची पट्टी उचलून बाजूला ठेवली. याचं चांगलंसं उत्तर आजही माझ्याकडे नाही. आईनंही पुन्हा विचारलं नाही.

वहिनी साडेपाचला आली. चपला काढल्या, पिशवी ठेवली, तेव्हा तिला आईच्या मांडीवर अंक दिसला. ती तशीच उभी राहिली. आई उठली नाही. खालूनच तिच्याकडे बघत म्हणाली, “शैला, मी मुद्दाम करत नव्हते, असं सांगणार होते तुला. दुपारपासून तेच मनाशी घोकतेय. पण मुद्दामच करत होते.”

वहिनी म्हणाली, “माहीत आहे मला.”

“तुझ्याबद्दल वाईट काही नाही माझ्या मनात.”

“तेही माहीत आहे. त्यानंच तर जास्त त्रास होतो, आई. भांडायला जागाच राहत नाही.”

आई उठली आणि सवयीनं, अगदी सवयीनं, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. “दमली असशील...” म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. वाक्य तिथेच तुटलं. ती दारात उभी राहिली. ना आत, ना बाहेर.

वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली, “आई, सरका जरा. चहा टाकते.”

आईचा उजवा हात चौकटीवर होता. मग आई सरकली. फार नाही, एक माणूस जाईल इतकी. वहिनी आत गेली, आणि तिला साखर कुठे असते ते माहीत नव्हतं, म्हणून आतून डबे उघडल्याचे आवाज येऊ लागले. एक डबा, दुसरा, तिसरा. दोन वर्षं या घरात राहिलेली बाई साखर शोधत होती. “वरच्या फळीवर, हिरव्या झाकणाचा,” आईनं बाहेरून सांगितलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिंप घासताना दिसली. वहिनीनं पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ते थांबलं, की आम्ही बघायचं थांबवलं, कोण जाणे. पुढच्या मे महिन्यात दादा-वहिनी बोरिवलीला भाड्याच्या जागेत गेले, आणि वहिनीनं जाताना स्पष्ट सांगितलं, रागावून नाही जात, पण मला माझं स्वतःचं स्वयंपाकघर हवंय. आई त्यांच्याकडे जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा जेवली नाही, उपास आहे म्हणाली. दुसऱ्यांदा जेवली. माणूस असं तिळातिळानं बदलतं; काही जण तेवढंही नाही.

परवा भाजणीचा वास आला तेव्हा मी वहिनीला फोन केला. आता तीही निवृत्त झालीय, गुडघे दुखतात. त्या अभिप्रायांचा विषय निघाला तसं ती म्हणाली, “मला सगळ्यात लागलेलं कुठलं सांगू? ‘असं सासर सगळ्यांना मिळो.’ तेव्हा रडू आलं होतं, की कुणालाच दिसत नाही म्हणून. आता कळतं, त्यांना त्यांचं दिसत होतं गं. पहाटे पाचपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बाया त्या. त्यांना कुणी ‘बस’ म्हटलंच नव्हतं कधी.” थोडं थांबून म्हणाली, “मला कुणी ‘ये’ म्हटलं नव्हतं. एकच गोष्ट, दोन्हीकडून वाचली.” मग तिला आणखी काही सांगायचं होतं, पण कुकरची शिट्टी झाली.

वहिनीनं पहिल्यांदा चहा टाकला त्या संध्याकाळी मात्र सहा वाजले होते, आणि अंक तेरा नंबरकडे जायचा होता. मी तो घ्यायला हात पुढे केला. आई म्हणाली, “मी नेते.” केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि जिना चढू लागली. मी चार पायऱ्या मागे. आईनं तेरा नंबरची बेल दाबली. देवधरकाकांनीच दार उघडलं. आईकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या अंकाकडे, मग मागे माझ्याकडे.

“देवधर भावजी,” आई म्हणाली, “हिनं कापायला घेतलं होतं, मी थांबवलं. एक इंच फाटलंय तेवढं सांभाळून उघडा. आमच्या घरातली गोष्ट आहे. आधी वाचा. मग काय कापायचं ते मला येऊन सांगा.”

काकांनी अंक दोन्ही हातांनी घेतला. मागून काकू पुढे आल्या, गडबडून म्हणाल्या, “अहो, दारात काय उभ्या? आत या ना. चहा घेऊन जा.”

आईनं दाराच्या चौकटीला एका हातानं धरलं होतं. चढल्यामुळे असेल, तिला धाप लागली होती. “नको हो,” ती म्हणाली, “खाली सुनेनं टाकलाय. निवेल.”